खालच्या ओळीच्या मेजरबाई

मेजरबाई पहिल्या भेटीत माझ्याशी आधी एकच शब्द बोलल्या. तो शब्द होता, “पाय.”

मी इकडेतिकडे पाहिलं. सकाळी आठच्या सुमाराला खांब चौकात माझ्याशिवाय दोन हातगाडीवाले, दुकानाचं शटर उचलणारे एक भांडेवाले शेठजी आणि एक गाय एवढेच होते. पुन्हा आवाज आला, “पाय खाली घ्या जी. बूट घालून पायरीवर नाही चढाचं.” मग त्या मला दिसल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, साडीवर सफाई खात्याचा नारिंगी कोट आणि हातात उभा धरलेला खराटा. तो खराटा त्या अशा काही धरत, की शेठजींनी त्यांचं नाव मेजरबाई ठेवलं होतं आणि सगळ्या चौकानं ते मान्य केलं होतं. मी मुकाट्यानं बूट काढले. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. मेजरबाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. आमच्या स्नेहाची सुरुवात ही अशी झाली.

इतवारीच्या भांडेबाजारातून बाहेर पडलं की हा चौक लागतो. मधोमध एक दगडी खांब, त्याखाली एकच बसकी पायरी, भोवती गंजलेली साखळी. पहिल्या महायुद्धात या भागातून गेलेल्या आणि परत न आलेल्या शिपायांसाठी तो उभारलेला आहे. खांबाच्या पूर्वेकडच्या अंगाला त्यांची नावं कोरली आहेत. सगळ्यात खाली, पायरीपासून जेमतेम वीतभर उंचीवर, शेवटची ओळ आहे: ‘व त्यांजबरोबर गेलेले इतर लोक.’

मी तिथे का गेलो होतो, तेही सांगायला हवं. शहरातल्या जुन्या वास्तूंची वारसा-यादी व्हायची होती. प्रत्येक वास्तूचं टिपण करायला समितीला इतिहासाचा जाणकार माणूस हवा होता. दोन खरे जाणकार नाही म्हणाले, तेव्हा माझी आठवण झाली. मी नुकताच कॉलेजातून निवृत्त झालो होतो आणि घरात सगळ्यांना नकोसा होऊ लागलो होतो. वाक्याचा हा दुसरा भाग माझ्या बायकोचा आहे. मी मात्र ही निवड म्हणजे माझ्या विद्वत्तेला उशिरा मिळालेला न्याय समजलो आणि त्याच आठवड्यात नावाखाली ‘वारसा अभ्यासक’ असं छापलेली कार्डं करून घेतली. त्यातली बरीचशी अजून कपाटात आहेत. बायको त्यांच्या मागे किराण्याची यादी लिहिते.

त्या दिवशी मी खांबाची मापं घेतली. एकट्यानं टेप धरता येईना, म्हणून मेजरबाईंनी खराटा बाजूला ठेवून दुसरं टोक धरलं. पायरीची लांबी, रुंदी, खांबाचा घेर, सगळं त्यांनी धरलं आणि मी लिहिलं. फॉर्मात एक रकाना होता: ‘वास्तूची देखभाल करणारी व्यक्ती.’ मी चौकाकडे एक विचारी नजर टाकली आणि तिथे लिहिलं, ‘कोणीही नाही.’ पुढे यादी छापून आली, तेव्हा मी मोठ्या उत्साहानं चौकात जाऊन माझं टिपण त्यांना वाचून दाखवलं. त्या रकान्यापर्यंत आलो, तशा त्या म्हणाल्या, “मंग टेप कोणं धरला होता?”

मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू. त्या म्हणाल्या, “राहू द्या जी. तुमची लिहाची घाई होती.”

मेजरबाईंची काम करायची एक ठरलेली रीत होती. आधी चौक झाडून घ्यायचा, मग बादलीत फडकं बुडवून खांब पुसायचा. पुसायला सुरुवात नेहमी खालून. आधी ती ‘इतर लोक’ची ओळ, मग एकेक नाव करत वर. त्या नावांशी त्यांचं शेजारपाजाऱ्यांसारखं होतं. “हे शेख साहेब. याइच्यावरच कबुतर बसते, दुसरी जागाच नाही त्याले.” “हे गणपतराव. याइच्या ‘ग’ मधी मुंग्यायनं घर केलं.” चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, पण त्या दगडावरचं अक्षर न् अक्षर त्यांच्या बोटांना पाठ होतं.

खालून वर पुसण्याचा माझ्यावर फार परिणाम झाला. एका व्याख्यानात मी त्यावर अर्धा तास बोललो. इतिहास नेहमी वरून वाचला जातो, पण एक साधी कष्टकरी स्त्री तो खालून वाचते, उपेक्षितांना अग्रस्थान देते, वगैरे. टाळ्याही पडल्या. दुसऱ्या दिवशी मी ते मेजरबाईंना सांगितलं आणि खालून सुरुवात करण्यामागची त्यांची भूमिका विचारली. त्यांनी फडकं पिळलं. “वरच्याइले पाऊस धुते जी. खालच्यावर गाड्यायचा चिखल उडते. वाळला का मंग निघत नाही. म्हणून पह्यले खालचं.”

भूमिका एवढीच होती. व्याख्यान तोवर एका मासिकाकडे रवाना झालं होतं.

तरीही त्या ओळीचं आणि त्यांचं काहीतरी नातं होतं, हे मला दिसत होतं. एका हिवाळी सकाळी शेठजींच्या ओट्यावर चहा घेताना त्यांनी आपणहून सांगितलं. “माह्या बापाचा आजा त्याच्यात हाय. आमी मूळचे नरखेडकडचे. तो खच्चरं घेऊन समुद्रापार बसऱ्याले गेला पलटणीसंगं. आला नाही.”

“काही पत्र? कागद?”

“काईच नाही. गावातून त्याच्यासंगं गेलेल्या दोघाइच्या घरी मेल्याचा कागद आला, याच्या नाही आला. म्हणून त्याच्या बायकोनं कुंकू पुसलं नाही. गाव बोले तिले. ती म्हणे, कागद दाखवा, मंग पुसते. मेली तवा बी कपाळाले कुंकू होतं.” त्यांनी कपातला उरलेला चहा बशीत ओतला. “माहा बाप मले लहानपणी इथं घेऊन आला होता. ती ओळ दाखवली न् म्हणे, हा आपला आजा. नोकरी लागल्यावर मी मुकादमाले मांगून हा चौक घेतला.”

हे ऐकल्यावर माझ्यातला अभ्यासक जागा झाला. मी ठरवलं की या माणसाचा शोध लावायचाच. चार महिने मी याद्या चाळल्या, भाच्याला संगणकावर बसवलं, दिल्लीला पत्रं लिहिली. खच्चरवाले सापडले, भिस्ती सापडले, मेजरबाईंचा पणजोबा काही सापडला नाही. मग एका सकाळी मी चौकात जाऊन, वर्गात वापरायचो त्या आवाजात त्यांना सांगितलं, “बाई, मी कसून शोध घेतला. तुमचे पूर्वज युद्धात गेल्याचा लेखी पुरावा मिळत नाही. इतिहासाच्या शिस्तीप्रमाणे ते या ओळीत आहेत असं खात्रीनं म्हणता येणार नाही.”

त्यांनी फडकं बादलीत बुडवलं. “सर, ‘इतर’ म्हंजे ज्याइचा कागद नाही तेच ना?”

“हो, तसंच म्हणावं लागेल.”

“मंग कागद कुठून सापडन?”

आणि त्या ओळ पुसू लागल्या. इतिहासाची साधनं हा विषय मी मुलांना तीस-एक वर्षं शिकवला. त्या वर्गांना मेजरबाई विद्यार्थिनी म्हणून आल्या नाहीत, हे माझं नशीब.

यानंतर वर्षभरातच एका दुपारी मेजरबाई माझ्या घरी आल्या. पहिल्यांदाच. दारात उभ्या होत्या, नारिंगी कोट काढून हातावर घेतलेला. बायकोनं त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. त्यांनी पाणी पिऊन गिलास खाली ठेवला. मग म्हणाल्या, “सर, चौकाचं काम सुरू झालं. फरशी लावून राहिले. खांबाभोवती दोरी बांधली लेवलची. दोरी आपल्या ओळीच्या वरतून चालली.”

“म्हणजे?”

“म्हंजे चौक दीड फूट उंच होते. पायरी जाते, खालची ओळ जाते. फरशीच्या खालती.” त्यांनी कोट दुसऱ्या हातावर घेतला. “मी त्या इंजिनिअरले विचारलं, काहून उंच करून राहिले? तो म्हणे, सरनं लिवून देल्लं हाय.”

मी हसलो. असं काही मी लिहीन, हे शक्यच नव्हतं. माझ्या टिपणाची प्रत काढली, चष्मा लावला आणि शेवटची शिफारस मोठ्यानं वाचली: ‘चौकाचा स्तर उंचावणे अत्यावश्यक आहे.’

माझ्या मनात सांस्कृतिक स्तर होता. पानटपऱ्या हटाव्यात, माहितीचा फलक लागावा, लोकांनी आदरानं यावं, असं काहीसं. पण हे मी लिहिलं नव्हतं, कारण एका वाक्यात बसवलं की ते भारदस्त दिसत होतं. चौकात पावसाचं पाणी साचायचं, ठेकेदाराच्या इंजिनिअरनं माझं वाक्य वाचलं आणि सरळ अर्थानं घेतलं. त्याची काही चूक नव्हती. बायकोनं प्रत माझ्या हातातून घेतली, वाक्य वाचलं आणि काही न बोलता परत दिली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिचं ते सर्वांत मोठं भाष्य होतं.

आम्ही तिघंही चौकात गेलो. इंजिनिअर पंचविशीचा असेल, डोक्यावर हेल्मेट, रात्रपाळी करून आल्यासारखा चेहरा. मी त्याच्यासमोर वीस मिनिटं बोललो. स्मृती, दगड, शहराचा आत्मा, सगळं काढलं. तो अदबीनं ऐकत होता. मग म्हणाला, “सर, तुमचं सगळं बरोबर आहे. पण ड्रॉइंग पास झालं आहे, आणि ते तुमच्याच रिपोर्टवरून झालं आहे. आता मी काय करू?”

मेजरबाई बाजूला नवी पाटी ठेवली होती तिकडे पाहत होत्या. काळ्या ग्रॅनाइटची, सुशोभीकरणाची. “साहेब, याच्यावर कोणाकोणाची नावं येतीन?”

“पाहुण्यांची. अध्यक्ष, सदस्य.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. “सरांचं पण आहे.”

“तुमचं?”

“माझं कुठलं, बाई. मी तर ठेकेदाराकडे आहे.”

“या फरशी लावणाऱ्या पोराइचं?”

तो नुसता हसला. मेजरबाई खांबापाशी गेल्या, वाकल्या आणि त्या ओळीवर हात ठेवला. “तुमी इतकं उन्हातान्हात करून राहिले, बापा. पन्नास वर्षानं कोणी विचारन, हा चौक कोणं बनवला, तं तुमची बी जागा इथंच हाय. ही बुजवू नोका.”

त्यांच्या आवाजात रडं नव्हतं, तक्रार नव्हती. मी वीस मिनिटांत जे सांगू शकलो नव्हतो, ते सांगून त्या हात झटकत उभ्या राहिल्या. इंजिनिअरनं खिशातून टेप काढून खांबापासून थोडी जागा मापली. मग म्हणाला, “खांबाभोवती दोन-दोन फूट जागा जुन्या लेवलला सोडता येईल. बाकी चौक वर घेऊ. पण सर, मला लेखी लागेल. शिफारस चुकीची होती, असं तुम्ही समितीला द्या. आजच. उद्या काँक्रीट पडतं.”

घरी येऊन मी लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात ‘संदर्भाच्या अभावी अर्थनिष्पत्तीत तफावत’ झाली होती. दुसऱ्यात ‘भाषेच्या बहुअर्थी स्वरूपामुळे’ गैरसमज उद्भवला होता. तिसऱ्यात सगळा दोष मराठीवर गेला होता. मेजरबाई समोर खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, बायको मागे उभी. चौथा कागद मी चुरगळला, तेव्हा मेजरबाई हळूच म्हणाल्या, “सर, दोन ओळी लिवा. ‘माह्याच्यानं चुकलं, खांबाजवळ उंच करू नका.’ बस.”

ते मला जमत नव्हतं. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा खरंच हात चालत नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकांवर लाल पेनानं गोल काढले, स्वतःच्या नावापुढे ‘चुकलं’ हा शब्द कधी लिहिला नव्हता. मेजरबाई बसून राहिल्या. त्यांनी घाई केली नाही, की घड्याळाकडे पाहिलं नाही. बाहेर ऊन उतरू लागलं, तेव्हा मी ते लिहिलं. दोनच ओळी, त्यांनी सांगितल्या तशा, फक्त प्रमाण मराठीत. खाली सही केली. सही नेहमीपेक्षा लहान आली.

त्या पत्राचं पुढे जे व्हायचं ते झालं. समितीत ते मोठ्यानं वाचलं गेलं. एका सदस्यानं माझा स्तर उंचावण्याबद्दल विनोद केला, तो शहरभर फिरला. पुढच्या समितीत माझं नाव नव्हतं, ग्रॅनाइटच्या पाटीवरूनही ते गेलं. महिनाभर मी बाहेर पडताना ओळखीच्या लोकांना टाळत होतो. पण दुसऱ्या दिवशी चौकात काँक्रीट पडलं तेव्हा खांबाभोवती लाकडी फळ्या लावलेल्या होत्या आणि आतमध्ये पायरी आणि ओळ जिथल्या तिथे होत्या. इंजिनिअरनं मला हात केला. मेजरबाईंनी केला नाही. त्या फळ्या सरळ लागल्या की नाही ते पाहत होत्या.

एक गोष्ट मात्र मी, मेजरबाई आणि इंजिनिअर, आम्हा तिघांच्याही लक्षात आली नव्हती. पावसाळ्यात त्या खोलगट जागेत पाणी भरू लागलं. निचऱ्याची नळी बसवली, ती पानांनी तुंबायची. मेजरबाई रोज बादलीनं पाणी उपसायच्या. मी गेलो की म्हणायच्या, “या सर, तुमच्या गड्ड्यात आज दोन बेडूक हायेत.” हे नाव त्यांनीच पाडलं. आज हातगाडीवाले पत्ता सांगताना ‘सरच्या गड्ड्यापाशी’ म्हणतात. समितीच्या यादीत नाही, तरी चौकाच्या भूगोलात माझी नोंद झाली आहे.

एकदा त्यांना ताप होता, म्हणून मी उपसायला उतरलो. पाच बादल्यांनंतर कंबर धरली आणि दोन जणांनी मला वर ओढून काढलं. मेजरबाई बऱ्या होऊन आल्या, तेव्हा शेठजींनी त्यांना सगळी हकिगत सांगितली. त्या मला एवढंच म्हणाल्या, “तुमी नोका करत जाऊ. तुमाले काढाचं काम वाढते.”

त्या निवृत्त झाल्या आणि हिंगण्याला मुलाकडे राहायला गेल्या. मुलगा तिथल्या कारखान्यात होता. जायच्या दिवशीही त्यांनी नेहमीसारखं काम केलं, खराटा मुकादमाकडे जमा केला आणि बसस्टॉपकडे निघाल्या. मी निरोपाचं काहीतरी बोलू लागलो, तर म्हणाल्या, “बस येऊन राहिली जी. पुढच्या महिन्यात येते, तवा सांगजा.” आणि खरंच आल्या. पेन्शनच्या कामाला म्हणून महिन्यातून एकदा येत, पिशवीतून स्वतःचं फडकं काढत, खालची ओळ पुसत आणि शेठजींच्या ओट्यावर चहा घेऊन परत जात. दोन वर्षं असं चाललं. मग गुडघे गेले आणि येणं थांबलं. मी फोन करायचो. मी बोलायचो, त्या ऐकायच्या, मधेच विचारायच्या, “पानी निघालं का?”

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या नंबरवरून फोन आला, पण आवाज पुरुषाचा होता. “मी महेंद्र बोलतो. आई काल सकाळी गेली. तिच्या फोनमध्ये तुमचा नंबर ‘गड्डावाले सर’ असा आहे, म्हणून खात्री नव्हती.” मी म्हटलं, मीच तो. तो म्हणाला, रविवारी विहारात सभा आहे, तुम्ही दोन शब्द बोलावेत.

मी चार पानं लिहून नेली. विहारात शंभरेक माणसं असतील. पुढे सतरंजीवर पांढऱ्या साड्यांतल्या म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. माझी पाळी आली. मी चष्मा लावला, पानं सरळ केली आणि सुरुवात केली, “मेजरबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं…”

पुढच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मागून कोणीतरी विचारलं, कोण मेजरबाई? तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे नाव आमच्या चौकाचं होतं. इथे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि इथलं नाव मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या पणजोबाचं नाव दिल्लीपर्यंत शोधलं होतं, त्यांचं त्यांना विचारलं नव्हतं. मी महेंद्रकडे वळलो आणि माईकपासून तोंड बाजूला करून विचारलं. त्यानं माईकवर हात ठेवला. मग म्हणाला, “पंचफुला.”

“पंचफुलाबाई,” मी म्हटलं. पुढचं पान समोर होतं, पण त्यावर ओळीओळीत ‘मेजरबाई’च होत्या. मी पानांची घडी करून खिशात घातली आणि नमस्कार करून बाजूला झालो. कुठे बसावं कळत नव्हतं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी सरकली, सतरंजीवर हात आपटून म्हणाली, “इथं या जी.”

मी तिच्याशेजारी बसलो. पुढचा माणूस बोलू लागला होता. ती माझ्याकडे वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “पंचफुला सांगे आमाले, चौकात एक सर हायेत, बहुत बोलतेत म्हणून. तुमीच ना ते?”

मी मान हलवली.

“मंग आज काहून नाही बोलले?”

मी खिशातली पानांची घडी चाचपली. तिनं तिच्यापुढचा पाण्याचा गिलास माझ्याकडे सरकवला आणि पुन्हा समोर पाहू लागली.